टेकडीची किंमत कोण मोजणार?

शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुण्याच्या वेताळ टेकडीचा विषय निघाला की दोन तट पडतात. टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा रस्ता झाला तर लॉ कॉलेज रस्त्यावरची कोंडी सुटेल, असं एका तटाचं म्हणणं. टेकडी फोडली तर पावसाचं पाणी मुरणार कुठे, हा दुसऱ्याचा सवाल. २०२३ मध्ये या रस्त्याविरुद्ध पुणेकरांचा मोठा मोर्चा निघाला, तेव्हापासून हा वाद थंड असा झालेलाच नाही. त्यात मला उद्देशून एक वाक्य हमखास येतं: "तुमच्याकडे काय, सरकारच जंगलं सांभाळतं. श्रीमंत देश आहे, परवडतं त्यांना."

गेली कित्येक वर्षं मी कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ राहते. इथल्या राज्य उद्यानांमध्ये मनसोक्त भटकते, आणि म्हणूनच हे वाक्य मला पटत नाही. इथल्या सरकारला जंगलाचा पुळका आपणहून आला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथली रेडवूडची झाडं, त्यातली कितीतरी हजार वर्षांहून जुनी, सर्रास लाकडाच्या वखारींत जात होती. अँड्र्यू हिल नावाचा सॅन होजेचा एक छायाचित्रकार अशा एका खासगी राईत फोटो काढायला गेला. मालकाने त्याच्याकडे फोटोच्या काचेच्या निगेटिव्हच मागितल्या. झाडं माझी, तेव्हा त्यांचे फोटोही माझे! हिल संतापला. १९०० मध्ये त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी बिग बेसिनच्या जंगलात मुक्काम ठोकून एक क्लब काढला आणि विधिमंडळाच्या मागे लागून अडीच लाख डॉलर मंजूर करून घेतले. त्या पैशांतून १९०२ मध्ये राज्याने सुमारे ३,८०० एकर जंगल लाकूड कंपनीकडून विकत घेतलं. कॅलिफोर्नियातलं आजचं सगळ्यात जुनं राज्य उद्यान ते हेच.

विकत घेतलं, यावर माझा सगळा भर आहे. जमिनीवर नुसतं आरक्षण टाकलं नाही, बंदी घालून मालकाला लोंबकळत ठेवलं नाही. पैसे मोजले.

१९२७ मध्ये राज्याने उद्यानांसाठी आयोग नेमला आणि पुढच्याच वर्षी सरळ मतदारांसमोर प्रश्न ठेवला: उद्यानांच्या जमिनींसाठी ६० लाख डॉलरचे कर्जरोखे काढायचे का? चारांतल्या जवळजवळ तिघांनी होकार दिला. हे कर्ज करातूनच फिटणार, हे त्यांना माहीत होतं. वर अट अशी की राज्य जेवढे घालेल तेवढेच देणगीतून किंवा स्थानिक वाट्यातून उभे राहिले पाहिजेत. नेमकी कुठली जमीन घ्यायची हे ठरवायला उद्यानरचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड (धाकटे) यांनी राज्यभराची पाहणी केली. आज अशी सुमारे २८० ठिकाणं आहेत: वाळवंट, समुद्रकिनारे, जुन्या खाणींची गावं.

मागच्या वसंतात आई-बाबा आले होते, तेव्हा त्यांना हेन्री को उद्यानात नेलं. फाटकाशी गाडीचे आठ-दहा डॉलर घेतात हे ऐकून बाबा थबकले. तीसेक वर्षं रोज पहाटे टेकडी चढलेला माणूस. चालायला पैसे ही कल्पनाच त्यांना सहन होईना. मी आरशाला अडकवलेला पास दाखवला. तो आमच्या गावच्या वाचनालयातून आणला होता. पुस्तकासारखा नावावर घ्यायचा, मुदतीत परत करायचा. गाडीला प्रवेश फुकट. बाबांनी तो काढून उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "वाचनालयातून डोंगर मिळतो म्हणजे कमालच झाली." मग चढ चढताना त्यांनी विचारलं, "पण बसने येतं का गं कोणी इथे?" नाही येत. गाडी नसेल तर हे डोंगर दूरच राहतात. घराच्या दारातून चपला घालून निघायचं आणि वीस मिनिटांत माथ्यावर पोचायचं, हे पुण्याचं वैभव इथे फार थोड्यांना लाभतं.

इथे सगळं आलबेल आहे असंही नाही. २०१० मध्ये उद्यानांसाठी वाहनांवर वर्षाला १८ डॉलर जादा आकारण्याचा प्रस्ताव मतदारांनी फेटाळला. पुढच्या वर्षी राज्याने ७० उद्यानं बंद करण्याची यादी काढली. हेन्री को त्या यादीत होतं. देणगीदार उभे राहिले म्हणून ते उघडं राहिलं. लोक असे वर्गण्या जमवत असताना २०१२ मध्ये उघडकीला आलं की उद्यान खात्याच्या दोन निधींत ५ कोटी ४० लाख डॉलर हिशेबात न दाखवता पडून होते. संचालकांना पायउतार व्हावं लागलं. तरीही २०१८ मध्ये याच मतदारांनी उद्यानं आणि पाण्यासाठी ४ अब्ज डॉलरच्या रोख्यांना मान्यता दिली. त्यानंतर दोनच वर्षांनी बिग बेसिन जवळपास सगळं वणव्यात होरपळलं. पण रेडवूड सहजी मरत नाही. काळ्याठिक्कर बुंध्यांवर खालपासून वरपर्यंत हिरवी लव फुटलेली मी पाहिली आहे.

आणि एक गोष्ट लपवून हा इतिहास सांगू नये. १८६४ मध्ये लिंकन यांच्या सहीने योसेमिटीची दरी सार्वजनिक वापरासाठी कॅलिफोर्नियाकडे आली, ती कधीही दुसऱ्याच्या हाती न देण्याच्या अटीवर. पण त्याआधी तेराच वर्षं तिथल्या मूळ रहिवाशांना सशस्त्र तुकडीने हुसकावलं होतं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या वारली पाड्यांचा प्रश्न ज्यांना अडचण वाटतो, त्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता पुण्याकडे येते. आपल्याकडे विकास आराखड्यात जागेवर बागेचं आरक्षण पडतं आणि पैसे नाहीत म्हणून वर्षानुवर्षं जागा ताब्यात घेतली जात नाही. नगररचना कायद्याचं कलम १२७ सांगतं की दहा वर्षांत संपादन झालं नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण रद्द. अशा कितीतरी बागा आपण कागदावरच गमावल्या. महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतल्या टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाचं, म्हणजे बीडीपीचं, दुखणंही हेच. जमिनीच्या मोबदल्यात आठ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, जागामालकांना मान्य नाही. बांधता येत नाही आणि मोबदलाही पदरात पडत नाही. टेकडी सगळ्या शहराची, पण तिचा भार मात्र वारजे-बावधनच्या चार शेतकरी कुटुंबांनी वाहायचा, हा न्याय नव्हे. त्यांची तक्रार खरी आहे आणि टेकडीप्रेमींनी ती बिल्डरांची ओरड म्हणून उडवून लावू नये.

पैसे कुठून आणायचे, हे विचारणाऱ्यांना २०१७ ची आठवण देते. समान पाणी योजनेसाठी पुणे महापालिकेने २०० कोटींचे कर्जरोखे काढले आणि ते शेअर बाजारात नोंदवले. पाण्यासाठी जे जमलं ते टेकड्यांसाठी का जमू नये? परतफेडीसाठी मिळकतकराच्या बिलात एक वेगळी ओळ टाका: टेकडी संपादन, एवढे रुपये. त्यातून कुठल्या सर्व्हे नंबरची किती जमीन घेतली, हे दरवर्षी जाहीर करा. एकदा घेतलेली जमीन रस्त्यालाही नाही आणि बोगद्यालाही नाही, असं कायद्यात लिहून ठेवा. पुढच्या मोर्च्यात "टेकडी वाचवा"च्या जोडीला ही मागणीही फलकावर यायला हवी. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटचा मिळकतकर मी इथून भरते. ती ओळ बिलात आली तर तीही भरेन, आणि ग्रुपमधल्या दोन्ही तटांना हेच विचारते आहे: तुम्ही भराल का?