चौदा गावं, दोन सरपंच आणि नसलेला सातबारा

राजुऱ्याच्या पानठेल्यावर काल विषय निघाला जिवती पहाडावरच्या चौदा गावांचा. परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर, लेंडीजाळा ही त्यातली काही. दोन्ही राज्यं ती आपली म्हणतात: इकडे चंद्रपूर जिल्ह्याचा जिवती तालुका, तिकडे तेलंगणाचं केरामेरी मंडल, म्हणजे तिकडचा तालुकाच. त्यामुळे रेशनकार्ड दोन, मतदान कार्ड दोन, सरपंच दोन. शाळाही दोन, एक मराठी अन् एक तेलुगू.

"मजा आहे ना जी त्यांची, दोन सरकारं देतात," दाजी बोलले.

मास्तर तापले. "दोन रेशनवर घर चालते काय? शेत कसतात, पण नावावर नाही. सातबारा नाही म्हणून बँक पीककर्जाला उभं करत नाही."

वकील म्हणाले, "1997 साली सुप्रीम कोर्टात गावं महाराष्ट्राचीच ठरली. 2025च्या जुलैत सरकारनंही ती पूर्ण इकडे घेतो म्हणून सांगितलं. मोजणी करा, सातबारा द्या, मिटलं."

"काहून मिटेल?" मास्तर म्हणाले. "जमीन वनखात्याच्या नोंदीत आहे. म्हणजे वनजमीन कसणाऱ्याला हक्क देणारा वनहक्क कायदा. नमुना अ, म्हणजे वैयक्तिक दाव्याचा अर्ज, भरून ग्रामसभेकडे द्यायचा, वनहक्क समिती शेतात जाऊन पडताळणी करणार, मग ग्रामसभेचा ठराव, मग उपविभागीय समिती, शेवटी जिल्हा समिती. हक्क मिळतो तो 4 हेक्टरपर्यंत, तोही विकता न येणारा. आदिवासीला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवला की भागते. बाकीच्यांना त्या तारखेआधी तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. थेट 1930 पासूनचा! मराठवाड्यातून 1972च्या दुष्काळानंतर पहाडावर चढलेला माणूस तो कागद आणणार कुठून?"

"पण त्यातला बंजारा तर आदिवासी," दाजी म्हणाले.

"तेलंगणात," मास्तर म्हणाले. "महाराष्ट्रात तो विमुक्त जातीत, अनुसूचित जमातीत नाही. गोंड-कोलामांना दोन्हीकडे अनुसूचित जमातीचा दाखला आहे, त्यांचं तेवढं अडत नाही. बंजाऱ्याचं शेत तेच, नांगर तोच. तिकडे दावा 2005च्या ताब्यावर उभा राहतो, इकडे 75 वर्षांवर अडतो."

यावर वकील बराच वेळ गप्प होते. मला मास्तरांचं पटलं. नकाशावर रेघ पक्की केली की सारं सुटलं, असं आपण फार सहज धरून चालतो. राजुराच बघा ना, 1956पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात, मग नांदेडात, 1959 साली चांद्यात, म्हणजे आताच्या चंद्रपूर जिल्ह्यात. रेघ सरकली, माणसं जागीच राहिली.

वकिलांनी मग वेगळीच अडचण काढली. "ठरावाला ग्रामसभेचे निम्मे सभासद हजर लागतात. मतदारयाद्या दोन, पंचायती दोन. निम्मे मोजायचे कोणत्या यादीवरून? उद्या कोणी हरकत घेतली तर ठरावच लटकतो. आधी यादी एक करा."

"अन् बिगरआदिवासींचं?" दाजींनी विचारलं.

"त्यांच्यासाठी ती जमीन वनातूनच वगळावी लागेल," वकील म्हणाले. " 1980च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते. प्रस्ताव राज्यानं पाठवायचा, गाववाल्यांच्या हाती ते नाही."

"मग गावं इकडे घेण्याच्या फाइलीसोबतच हा प्रस्ताव जाऊ द्या," मास्तर म्हणाले. "नंतर पाठवू म्हटलं तर मधल्या काळात तिकडचा दावाही जाईल अन् इकडचा उभा राहणार नाही."