‘ब्लू अवर’ मुंबईत तासाचा नसतो

संध्याकाळी ‘ब्लू अवर’मध्ये, म्हणजे सूर्यास्तानंतर आकाश गडद निळं दिसतं त्या वेळात, शहराचे फोटो कसे काढावेत, यावरचा एक मेसेज ग्रुपांमधून फिरतो आहे: ‘सूर्य बुडाला की ब्लू अवर सुरू, तो तासभर टिकतो. आयएसओ ३२०० ठेवा. ढग असतील तर घरी बसा. शक्यतो रविवारी जा, रस्ते मोकळे मिळतात.’ यातलं रस्त्यांचं तेवढं खरं.

आधी तासाचं बघू. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जाईपर्यंतचा संधिप्रकाश मुंबईत जेमतेम २२ ते २४ मिनिटं पुरतो, कारण इथे सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो. जूनमधल्या लंडनला तो तिरपा घसरत जातो, म्हणून तिथे पाऊण तास मिळतो. आपल्याकडे या २२ मिनिटांतलीही पहिली दहा वाया जातात. आकाश इतकं उजळ असतं की इमारतींचे दिवे लागलेत की नाही तेही फोटोत कळत नाही.

शिवाय सगळ्या इमारतींची वेळ एक नसते. सीएसएमटी रेल्वे स्थानक घ्या. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची ही १८८८ साली पुरी झालेली वास्तू पश्चिमेकडे तोंड करून उभी आहे. महापालिका मुख्यालयाच्या बाजूने कॅमेरा लावला की घुमटामागे पूर्वेचं आकाश येतं, आणि अंधार चढतो तो पूर्वेकडूनच. म्हणजे इथला निळा रंग लवकर येतो आणि लवकर जातो. नरिमन पॉइंटवरून मलबार हिलकडे पाहिलं तर उजेड बराच वेळ रेंगाळतो. मी पूर्वी मरीन ड्राइव्ह उरकून सीएसएमटीला धावायचो. पोचेपर्यंत घुमटामागे नुसतं डांबर! आता एका संध्याकाळी एकच जागा.

आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता. ती ३२०० ठेवणं ही हातात कॅमेरा धरणाऱ्याची मजबुरी आहे, नियम नव्हे. आयएसओ वाढवला की फोटोत दाणे येतात. सपाट निळ्या आकाशातच ते सगळ्यात आधी डोळ्यांत खुपतात. इमारत काही पळून जात नाही. आयएसओ १००, लेन्सचं छिद्र एफ/८ आणि उजेडाप्रमाणे २ ते ८ सेकंद शटर उघडं ठेवा. गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा फुकट मिळतात. ट्रायपॉड उघडला की कुठला तरी वॉचमन शिट्टी मारतोच, त्यावर माझा उपाय म्हणजे मरीन ड्राइव्हचा कठडा, घडी घातलेला रुमाल आणि दोन सेकंदांचा टायमर.

ढगांना घाबरायचं कारण नाही. ढगाळ संध्याकाळही निळी होते, जरा लवकर इतकंच. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याचा रंग जुळवण्याचा पर्याय, मात्र ऑटोवर ठेवू नका, तो निळाई धुऊन काढतो. जुलैत ओल्या रस्त्यावर सीएसएमटी उलटी दिसते ती वेगळीच. खरा शत्रू हिवाळ्यातलं धुरकं, लांबची स्कायलाइन त्यात राखाडी डाग होऊन जाते.

आणि रविवार? नरिमन पॉइंटच्या ऑफिसांच्या खिडक्या त्या दिवशी काळ्या असतात. धुरकं नसलेला डिसेंबरातला कामाचा दिवस गाठा: सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि साडेसहाच्या आत, आकाश निळं असतानाच, मजल्यामजल्यावर माणसं अजून काम करत बसलेली असतात.