जसिंताच्या नावावर मुलांचं पाणी तोडू नका

उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस, आला की आमच्या वसईतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज उगवतो. वर गुलाबांची नक्षी, खाली हात जोडलेले इमोजी, आणि मध्ये पोर्तुगालमधल्या फातिमा गावच्या संत फ्रान्सिस्को आणि संत जसिंता या भावंडांबद्दलचे दावे. पवित्र मातेने, म्हणजे मरियेने, दर्शन देऊन या मुलांना कमरेला दोर बांधायला आणि पाणी सोडायला सांगितलं. ती महिना महिना पाण्यावाचून राहिली. आजारपणात त्यांनी औषध नाकारलं. फ्रान्सिस्कोने प्रार्थनेसाठी शाळा सोडली. मातेने मुलांना सांगितलेल्या आणि व्हॅटिकनने दडवलेल्या तिसऱ्या रहस्यात तीन दिवसांचा अंधार पडणार असं लिहिलंय. तुमच्याही मुलांना चाळीस दिवस असं वळण लावा, तेरा जणांना पाठवा.

इतकी वर्षं मी हा मेसेज न वाचताच पुसत आले. यंदा माझ्या धाकट्या बहिणीची दहा वर्षांची लेक शाळेतून पाण्याची बाटली भरलेलीच परत आणायला लागली. मार्च महिन्यात! आणि बहिणीने कौतुकाने ग्रुपवर टाकलं, ‘आमची छोटी जसिंता’. खाली आमेनची रांग. एकाही शहाण्याने विचारलं नाही की पोरीला लघवीला जळजळ तर होत नाही ना.

तर आधी पाणी आणि दोर.

या मुलांच्या घरगुती आयुष्याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं त्यांची मामेबहीण-मैत्रीण लुसियाने लिहिलेल्या आठवणींतून आलंय. १९१७ साली फातिमाजवळच्या आल्जुस्त्रेल गावात मेंढ्या राखणारी ही तीन मुलं. मे महिन्यात पहिलं दर्शन झालं तेव्हा लुसिया दहाची, फ्रान्सिस्को आठ वर्षांचा, जसिंता सात वर्षांची. पुढे सिस्टर झालेल्या लुसियाने लैरियाच्या बिशपांच्या सांगण्यावरून १९३५ पासून या आठवणी लिहून काढल्या. मेसेज लिहिणाऱ्याने त्या उघडल्या असत्या, तर पुढचं लिहायची हिंमत झाली नसती.

दोर मातेने दिलाच नव्हता. तो रस्त्यात पडलेला सापडला. लुसियाने गंमत म्हणून हाताला गुंडाळला, काचला, आणि तिच्याच डोक्यात आलं की हा त्रास पापी लोकांसाठी अर्पण करता येईल. मुलांनी दगडाच्या धारेने त्याचे तीन तुकडे केले आणि कपड्यांच्या आत बांधले. १३ सप्टेंबर १९१७ च्या दर्शनात माता काय म्हणाली? तुमच्या त्यागाने देव संतुष्ट आहे, पण दोर बांधून झोपावं अशी त्याची इच्छा नाही, दिवसाच बांधा. म्हणजे मुलांनी स्वतःहून ताणलेलं मातेने सैल केलं. मेसेजमध्ये नेमकं हेच वाक्य नाही.

आता कबूल करावं लागेल ते करते. त्यागाचं आवाहन खरं आहे. १९१६ साली दिसलेल्या देवदूताने प्रार्थना आणि त्याग अर्पण करायला सांगितलं होतं, जुलैच्या दर्शनातही ते आहे. पाण्याचंही पूर्ण खोटं नाही. अधूनमधून नऊ दिवस, कधी महिनाभर आम्ही पिणं सोडायचो, एकदा तर भर ऑगस्टमध्ये, असं लुसियाने लिहिलंय. पण महिनाभर एक थेंबही न घेता कुणी जगत नाही. त्यामुळे घरी काय प्यायली, रानात काय सोडलं, याचा अर्थ आपणच अक्कल वापरून लावायचा. शिवाय त्याच आठवणींत जसिंताची हालतही आहे. उन्हात तहानेने डोकं इतकं ठणकलं की ती लुसियाला म्हणाली, त्या रातकिड्यांना आणि बेडकांना गप्प बसायला सांग. हे वाचून कुणाला आपल्या लेकीवर तोच प्रयोग करावासा वाटत असेल, तर काय बोलायचं?

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे सगळं मोठ्यांपासून लपवलेलं होतं. फ्रान्सिस्को अंथरुणाला खिळला तेव्हा त्याने दोर लुसियाकडे दिला, आईने पाहायच्या आत घेऊन जा म्हणाला. जसिंतानेही तेच केलं. आईला कळलं तर ती थांबवेल, एवढं त्या लेकरांना समजत होतं. इथे आईच पाणी सोडायला लावते आणि फोटो टाकते.

आणि जसिंताने आजारपणात केलेला त्याग कोणता, ठाऊक आहे? दूध पिणं. तिला दूध मुळीच आवडायचं नाही. एकदा आईने आणलेलं दूध तिने नाकारलं, आई गेल्यावर लुसिया तिला रागावली, तेव्हा जसिंताने रडत आईला हाक मारली आणि देशील ते घेईन म्हणाली. बहिणीने हा त्याग जरूर शिकवावा. आमच्या पोरीलाही दूध नकोच असतं.

औषध नाकारल्याची बात तर धादांत खोटी आणि धोक्याची. दोघांनाही १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने गाठलं. फ्रान्सिस्को ४ एप्रिल १९१९ ला घरीच गेला. जसिंताला आधी औरेंच्या इस्पितळात ठेवलं, पुढे लिस्बनला नेलं. तिथे १० फेब्रुवारी १९२० ला ऑपरेशन करून तिच्या दोन बरगड्या काढल्या. पूर्ण भूल सोसण्याइतकी ताकद उरली नव्हती, म्हणून फक्त ती जागा बधिर केली. २० फेब्रुवारीच्या रात्री ती वारली, दहा वर्षांचीही झाली नव्हती. ज्या मुलीला आईबापांनी एवढ्या लांब डॉक्टरांकडे पाठवलं, तिच्या नावावर कुणी आपल्या मुलाचं औषध थांबवलं तर ते पाप कुणाच्या माथी?

शाळेचं अर्धसत्य आहे. फ्रान्सिस्को लुसियाबरोबर निघायचा आणि तिला म्हणायचा, तू शाळेत जा, मी देवळात गुप्त येशूजवळ बसतो. परमप्रसादातल्या, म्हणजे मिस्सेत पवित्र केलेल्या भाकरीतल्या येशूला ही मुलं गुप्त येशू म्हणायची. पण त्याने कारण दिलं होतं, मी लवकरच स्वर्गात जाणार, मला वाचायला शिकून काय करायचंय. तशी खात्री ज्याला मिळालीय त्याने खुशाल शाळा बुडवावी. लुसिया मागे राहणार होती, तिला मातेने १३ जूनलाच सांगितलं होतं, वाचायला शिक. ती २००५ पर्यंत जगली, आणि शिकली म्हणूनच हे सगळं लिहू शकली.

राहता राहिलं तिसरं रहस्य. ते व्हॅटिकनने २६ जून २००० ला छापलं, लुसियाच्या हस्ताक्षरासकट. त्यात पांढऱ्या वस्त्रातला बिशप आहे, उद्ध्वस्त शहर आहे, डोंगरावरचा क्रूस आहे. तीन दिवसांचा अंधार कुठेही नाही.

एक गोष्ट मात्र मेसेजवाल्याने घ्यायला हवी होती. दर्शनांच्या आधी ही मुलं खेळायला वेळ मिळावा म्हणून जपमाळ झटपट उरकायची, प्रत्येक मण्याला नुसतं ‘नमो मरिया, नमो मरिया’. पुढे तोच फ्रान्सिस्को एकटा कुठेतरी बसून जपमाळ करत राहायचा, बोलावलं तरी लवकर यायचा नाही. २०१७ च्या १३ मे रोजी पोप फ्रान्सिस यांनी फातिमालाच दोघांना संत घोषित केलं. मुलाला त्यांच्यासारखं करायचं असेल तर संध्याकाळी टीव्ही बंद करून सोबत जपमाळेला बसा. आणि पाण्याची बाटली रिकामी होऊन घरी येतेय का, तेही बघा.