तीनशे पर्याय असताना अंदाज कशाला?

इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साखरपुड्याचे फोटो थांबतात आणि स्क्रीनशॉट सुरू होतात. '97.8, ओबीसी, मुलगी, होम युनिव्हर्सिटी नागपूर. वायसीसीईला कॉम्प्युटर लागेल का?' खाली एका ॲपचं उत्तर: शक्यता 82 टक्के. त्याखाली दुसऱ्या ॲपचं: 41 टक्के. मग नंदनवनचे काका तिसरं ॲप सुचवतात, ज्यात म्हणे 'एआय' आहे. जणू पहिल्या दोघांत पंचांग होतं.

मी लीड्सला राहतो आणि विमा क्षेत्रात डेटाचं काम करतो, म्हणजे पोटासाठी अंदाजच बांधतो. त्यामुळे या वादात मला साक्षीदार म्हणून ओढलं जातं. एका बाजूला माझा मावसभाऊ, धरमपेठेत अकरावी-बारावीचे क्लास घेतो. त्याचं म्हणणं, कटऑफचं गणित पूर्वी रामदासपेठेतल्या डॉक्टरच्या पोरालाच कोणीतरी बसून समजावून सांगायचं. आता गडचिरोलीतल्या चामोर्शीच्या पोराला ते मोबाइलवर मिळतं, मग तुमच्या पोटात का दुखतं? दुसऱ्या बाजूला वहिनी. त्यांच्या मते ही सगळी नंबर गोळा करायची दुकानं आहेत. फॉर्म भरला की दुसऱ्या दिवसापासून कुठल्या कुठल्या कॉलेजांचे फोन येतात, 'मॅडम, मॅनेजमेंट कोट्यातून बघायचं का?'

दोघांचंही खरं आहे. पण दोघंही ॲप बरोबर की चूक यावरच भांडतात. मला वेगळाच प्रश्न पडतो. राज्याच्या ज्या केंद्रीभूत प्रवेश पद्धतीत, म्हणजे कॅपमध्ये, मुलाला तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, तिथे कुठे लागेल याचा अंदाज मुळात लागतोच कशाला?

आधी ॲपच्या पोटात काय असतं ते सांगतो, कारण त्याचा उगीच बाऊ झाला आहे. सीईटी सेल दर फेरीनंतर कॉलेज, शाखा आणि प्रवर्गनिहाय कटऑफच्या याद्या पीडीएफमध्ये टाकतो. कोणीतरी त्या तीन-चार वर्षांच्या याद्या उपसून तक्ते करतं. त्यावर मशीन लर्निंगचं एखादं मॉडेल शिकवतात: इतके पर्सेंटाइल, हा प्रवर्ग, ही शाखा, ही फेरी, तर मागे काय झालं होतं? मागच्यासारखं पुढे होईल, असं धरून ते एक आकडा देतं. यात लबाडी नाही. हुशारीही फारशी नाही. तीन वर्षांची पीडीएफ शेजारी शेजारी ठेवून पेन्सिल चालवणारा बापही बहुतेक तिथेच पोचतो.

खरी अडचण मॉडेलच्या हुशारीची नाहीच. मागच्यासारखं पुढे होतच नाही, ही आहे. आपल्याकडे तर नियमच दर दोन वर्षांनी कूस बदलतात.

मराठा आरक्षणाचा रकाना घ्या. 2018 मध्ये 16 टक्क्यांनी आला. 2019 मध्ये उच्च न्यायालयाने तो शिक्षणासाठी 12 टक्क्यांवर आणला. सप्टेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, मे 2021 मध्ये कायदाच रद्द झाला. 2024 मध्ये नव्या कायद्याने 10 टक्के परत आले. 2024 च्या जूनमध्ये एखाद्या एसईबीसी, म्हणजे या मराठा आरक्षणाच्या रकान्यातल्या, मुलाला कुठलंही ॲप टक्केवारी सांगत असेल, तर ती कशावरून? आधीच्या वर्षी तो रकाना यादीत नव्हताच. आणि एका प्रवर्गाच्या जागा हलल्या की ओपन आणि ईडब्ल्यूएसचे कटऑफही हलतात, म्हणजे चूक एका रकान्यापुरती राहत नाही. त्याच वर्षी एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने चांगल्या कॉलेजांसाठी प्रवेशक्षमतेची कमाल मर्यादा काढली आणि कॉम्प्युटरच्या जागा वाढवायची वाट मोकळी झाली. या दोन्ही गोष्टी मागच्या तीन वर्षांच्या पीडीएफमध्ये कुठून सापडणार?

मेडिकलचं तर विदर्भाला वेगळं सांगायला नको. सप्टेंबर 2020 पर्यंत 70:30 चा प्रादेशिक कोटा होता. नागपूरच्या मेयो किंवा मेडिकल या सरकारी कॉलेजांतल्या राज्याच्या कोट्यातल्या 70 टक्के जागा विदर्भातल्याच मुलांना. तो एका घोषणेत गेला. त्याआधीच्या कटऑफवर शिकलेलं मॉडेल त्यानंतर नागपूरच्या मुलाला जे सांगेल, ते दुसऱ्याच राज्याबद्दल असेल. नीटच्या गुणांचंही तसंच. 2024 च्या पहिल्या निकालात 720 पैकी 720 मिळवणारे 67 जण होते, सुधारित निकालात 17 उरले. 2025 मध्ये पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्याचे गुण 686 होते. गुणांवरून अंदाज बांधणाऱ्यांची या दोन वर्षांत जी धुलाई झाली, तिची जाहिरात मात्र कोणी करत नाही.

म्हणून निदान गुण आणि पर्सेंटाइल सोडून मेरिट नंबर बघा, असं मी ग्रुपवर सांगतो. पर्सेंटाइल सात दशांश स्थळांपर्यंत छापतात, त्यामुळे ते फार अचूक वाटतं. पण परीक्षेला चार लाख मुलं बसली असं धरलं, तर एका पर्सेंटाइलमध्ये चार हजार मुलं उभी असतात. आणि '82 टक्के शक्यता' म्हणणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: गेल्या वर्षी ज्या शंभर मुलांना तुम्ही 82 सांगितलं, त्यातल्या किती जणांना ती जागा मिळाली? माझ्या धंद्यात हा हिशोब दिल्याशिवाय कोणी मॉडेलला दारात उभं करत नाही. मी चाळलेल्या ॲपांत तो कुठेच छापलेला दिसला नाही.

आता इकडचं. इंग्लंडमध्ये अंदाजाशिवाय पानही हलत नाही, आणि ते बघूनच माझं मत बनलं आहे. इथे मुलं विद्यापीठांना अर्ज करतात तो निकालाच्या कितीतरी महिने आधी. गुण असतातच कुठे? मग शिक्षक लिहून देतात: या मुलाला अमुक ग्रेड मिळेल. तो अंदाज बघून विद्यापीठ सशर्त जागा देतं. पर्याय किती? यूकॅस या तिथल्या सामायिक प्रवेशसंस्थेच्या अर्जात पाच. मेडिकलसाठी त्यातले चारच. शेवटी हातात ठेवायचे दोन, एक पक्का आणि एक पडलो तर उशाला. एवढ्या चिंचोळ्या बोळात चुकीचा अंदाज महागात पडतो, आणि तो सर्रास चुकतो. लंडनच्या एका संशोधिकेचा 2016 चा अहवाल आहे: तीन विषयांचे अंदाज तंतोतंत खरे ठरलेले विद्यार्थी फक्त 16 टक्के. 75 टक्के मुलांना प्रत्यक्षापेक्षा जास्त ग्रेड लिहून दिले होते. आणि हुशार मुलांत कमी ग्रेड लिहून मिळण्याचं प्रमाण गरीब घरच्यांत जास्त. म्हणजे चामोर्शीच्याच मुलाचं इकडचं रूप.

2020 मध्ये करोनामुळे परीक्षा रद्द झाल्या, तेव्हा सरकारने हे काम सूत्राकडे सोपवलं. शिक्षकांनी ग्रेड आणि मुलांचा क्रम कळवायचा, पण सूत्राने तो क्रम घेऊन त्या शाळेचे मागच्या वर्षांचे निकाल बघून ग्रेड ठरवायचे. 13 ऑगस्टला ए-लेव्हलचे, म्हणजे तिथल्या बारावीचे, निकाल लागले तेव्हा इंग्लंडमधले सुमारे 39 टक्के ग्रेड शिक्षकांनी दिलेल्यापेक्षा खाली आले होते. छोट्या वर्गांना सूत्र लावलं नव्हतं किंवा हलकं लावलं होतं, आणि छोटे वर्ग असतात खासगी शाळांत. शाळेचा इतिहास वाईट, म्हणून तिथली या वर्षीची हुशार पोरगी खाली. मुलं रस्त्यावर आली आणि 17 ऑगस्टला सरकारने सूत्र गुंडाळलं. पंतप्रधानांनी नंतर सगळं खापर अल्गोरिदमवर फोडलं. वापरायचं कोणी ठरवलं होतं, हे ते बोलले नाहीत.

हे सांगितलं की मावसभाऊ उसळतो. 'आपल्याकडचं ॲप कोणाचे मार्क कापत नाही ना बे! ते फक्त सल्ला देते.' मुद्दा रास्त आहे. सल्ला आणि निवाडा यांत फरक आहेच. पण सल्ल्याने मुलगी स्वतःचेच पर्याय कापते, हे त्याच्या क्लासमध्येच घडतं. ॲपने 12 टक्के म्हटलं की वरचं कॉलेज यादीतून जातं. 'कशाला उगीच?' ही कात्री बहुधा बापाच्या हातात असते. मुलांना सांगतात, 'टाकून तर बघ.' मुलींना सांगतात, 'जवळचं पाहा.' पुण्याची कॉलेजं ज्या यादीतून सर्वात आधी गळतात ती यादी कोणाची असते, ते मी सांगायला नको.

आणि कापायची गरज काय? आपल्या कॅपचं मूळ सोपं आहे. मेरिट नंबरप्रमाणे रांग. तुमचा नंबर आला की तुमच्या यादीतला वरून पहिला असा पर्याय जिथे तुमच्या हक्काची जागा शिल्लक आहे, तो तुमचा. वर अशक्य कॉलेज लिहिलं म्हणून खालच्या कॉलेजात तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. म्हणून खरी आवड त्याच क्रमाने लिहा, तेच फायद्याचं. हा कोणा काउन्सेलरचा शोध नाही. अशा वाटपांचं गणित गेल आणि शॅप्ले यांनी 1962 मध्ये मांडलं, शॅप्ले यांना 2012 मध्ये नोबेल मिळालं. आयआयटी-एनआयटीच्या जागा वाटणारं जोसा 2015 पासून याच घराण्यातल्या पद्धतीवर चालतं. तेव्हापासून नागपूरच्या व्हीएनआयटीला गेलेलं जवळजवळ प्रत्येक पोर ती वापरून गेलं आहे, बहुतेकांना ते माहीत नसेल एवढंच. इंग्रज मुलाला पाच अर्जांत आयुष्य बसवावं लागतं, म्हणून त्याला अंदाज हवा. आपल्या मुलाला तीनशे ओळी फुकट आहेत.

इथवर मी जिंकत आलो असतो. पण 2025 मध्ये नियम बदलला आणि त्याने माझा युक्तिवाद अर्धा खाल्ला. कॅपच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो पक्का, पुढच्या फेऱ्या बंद. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कुठलाही मिळाला तर पक्का. तिसरीत पहिल्या सहापैकी. हेतू समजण्यासारखा आहे. जागा अडवून बसायचं आणि शेवटी सोडून जायचं, याने ऑगस्ट उलटून जायचा आणि कॉलेजं अर्धी रिकामी राहायची. पण आता क्रम लिहिणं हा डाव झाला. समजा दुसऱ्या फेरीत तुमची तिसरी आवड लागली, तर पहिल्या आवडीची वाट बघत थांबता येत नाही. तेच कॉलेज चौथ्या ओळीवर असतं तर जागा धरून पुढच्या फेरीतही राहता आलं असतं. मग लोक काय करतात? पहिल्या तीनात एक खरी आवड आणि दोन अशी नावं, जी लागणारच नाहीत याची खात्री आहे. ती खात्री कुठून आणायची? ॲपकडून. म्हणजे हा बाजार नियमानेच उभा केला. आणि लागणार नाही म्हणून टाकलेलं कॉलेज लागलं, तर ती मुलगी चार वर्षं तिथे.

गंमत म्हणजे ज्या गोष्टींनी प्रवेश खरोखर जातो, त्या ही ॲपं विचारतही नाहीत. नॉन-क्रिमी लेयरचा दाखला चालू मुदतीचा आहे का? जात पडताळणीचं प्रमाणपत्र हातात आहे की नुसती पावती? सेतू केंद्रात अर्ज कुठे अडकला आहे? मुदतीत कागद आला नाही की मूल ओपनमध्ये, आणि मग 82 काय नि 41 काय. फोन नंबर मात्र पहिल्याच पानावर विचारतात, इथे वहिनींचं अगदी बरोबर.

मला विचाराल तर दोन गोष्टी करायला हव्यात, आणि दोन्हींत मशीन लर्निंग नाही. एक, कटऑफ आणि मेरिट नंबर पीडीएफमधून काढून साध्या तक्त्यात सर्वांना खुले करा, म्हणजे ते उपसण्याचे पैसे कोणी लावू शकणार नाही. दुसरी मोठी. जोसा पहिल्या फेरीआधी तालमीचं वाटप करतं. मुलांनी भरलेले खरे पर्याय घेऊन, 'आत्ता वाटप केलं तर तुला हे मिळेल' असं सांगतं, आणि त्यानंतर यादी बदलायची मुभा देतं. कर्नाटकच्या सीईटीतही अशी मॉक फेरी असते. कॅपमध्ये ती घ्या. मागच्या तीन वर्षांच्या दुसऱ्यांच्या मुलांवरून केलेल्या अंदाजापेक्षा या वर्षीच्या मुलांनी या आठवड्यात भरलेले फॉर्म कधीही जास्त खरं बोलतात. आरक्षण बदललं, जागा वाढल्या, पेपर अवघड गेला, सगळं त्यात आपोआप आलेलं असतं. पहिल्या तीनात काय ठेवायचं, हेही मुलगी फुकटात ठरवू शकेल.

मावसभावाचा यावर आक्षेप तयारच होता. 'तालीम आहे म्हटल्यावर कोण खरं भरते? आमची पोरं शेवटच्या रात्री फॉर्म भरतात. तुले काय जाते बे तिकडे बसून बोलायले!' शेवटचं वाक्य सोडलं तर मुद्दा वजनदार आहे. तालमीत न आलेली मुलं खऱ्या फेरीत येतात आणि आकडे हलतात. त्याला माझं उत्तर एवढंच, की तालमीत भरलेली यादी बदलली नाही तर तीच पहिल्या फेरीला धरायची. मग आळशी माणूसही खरं भरतो. यावर तो विचार करतो म्हणाला. त्याच्या क्लासच्या माहितीपत्रकावर 'एआय काउन्सेलिंग मोफत' ही ओळ अजून आहे.