खुलासा : 650 अंशांचा रंग अख्ख्या इंजिनाला नको

‘डब्यावर 650 अंश सेल्सिअस लिहिलंय ना, मग जुन्या गो-कार्टच्या (शर्यतीच्या छोट्या उघड्या गाडीच्या) सगळ्या इंजिनाला तोच मारा’ हा फिरणारा सल्ला अर्धाच खरा आहे. असे रंग बहुधा सिलिकॉनचे असतात आणि टप्प्याटप्प्याने तापवल्याशिवाय पक्के होत नाहीत. नुसते वाळवलेत तर सांडलेलं पेट्रोल पुसताना रंगही फडक्यावर येतो. मिथेनॉलचं, म्हणजे शर्यतीत इंधन म्हणून वापरल्या जाणाऱ्या अल्कोहोलचं, तर विचारूच नका. 650 अंशांचा रंग एक्झॉस्टला, म्हणजे धूर बाहेर टाकणाऱ्या नळीला, ठेवा. क्रँककेसला (इंजिनाच्या खालच्या कवचाला) इंधन सोसणारा इंजिन इनॅमल पुरे. सिलिंडरच्या फिन्सवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांवर, पातळ दोनच हात, कारण जाड थर उष्णता अडवतो. त्याआधी इंजिनात वंगण म्हणून वापरलेल्या एरंडेल तेलाचा जळका, चिकट थर खरवडून काढा, नाहीतर पापुद्रे सुटतात. ऑइल सील (तेल गळू न देणाऱ्या रबरी कड्या) काढल्याशिवाय काहीही रंग पक्का करायला भट्टीत घालू नका. स्वयंपाकाचा ओव्हनही नको.