हंट–लाउडा वैर आणि १९७६चा गुणतक्ता

फॉर्म्युला वन मोटारशर्यतींवरचा 'रश' हा २०१३चा सिनेमा कुणी नव्याने पाहिला की एक मजकूर हमखास पुढे ढकलला जातो. सारांश असा: १९७६च्या विजेतेपदासाठी झुंजणारे चालक जेम्स हंट (मॅक्लारेन संघ) आणि निकी लाउडा (फेरारी संघ) पहिल्यापासून एकमेकांना पाण्यात पाहत, हंटने मत्सरापोटी जर्मनीतली रेस रद्द होऊ दिली नाही, म्हणून लाउडा भाजला, हंटवरच्या रागापायी लाउडा ४२ दिवसांत परतला, आणि शेवटी जपानमध्ये तो घाबरून पळाला म्हणून हंटला विजेतेपद नशिबाने मिळालं. प्रत्येक विधानात चिमूटभर तथ्य आहे. बाकीचं पटकथेचं आहे.

'पहिल्यापासून वैर.' सिनेमाच्या सुरुवातीला लंडनमधल्या क्रिस्टल पॅलेस ट्रॅकवरच्या फॉर्म्युला थ्री (फॉर्म्युला वनच्या खालची पातळी) रेसमध्ये दोघांची जुंपते. १९७०मध्ये त्या ट्रॅकवर हंटची टक्कर खरोखर झाली होती, पण डेव्ह मॉर्गनशी. हंट गाडीतून उतरून धावत गेला आणि त्याने मॉर्गनला खाली पाडलं. पटकथेने मॉर्गनच्या जागी लाउडाला बसवलं आणि वैराचा पाया तयार झाला. प्रत्यक्षात उमेदवारीच्या दिवसांत हे दोघे मित्र होते, लंडनमध्ये एका फ्लॅटमध्ये राहिलेले. प्रतिस्पर्धी म्हणजे शत्रूच, असं मानायची आपल्याला तरी गरज नाही: केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांच्या कंपन्यांत चुरस असूनही १९२१मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांनी 'मानापमान' एकत्र केलंच.

'हंटमुळे अपघात.' जर्मनीतल्या रेसवर बहिष्काराचा प्रस्ताव लाउडाचा होता, हे खरं. मतदान मात्र सगळ्या चालकांचं होतं, ते रेसच्या आधीच होऊन गेलं होतं आणि बहुमत विरोधात गेलं. लाउडाचा आक्षेपही नेमका होता: जवळपास २३ किलोमीटरच्या तिथल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकवर आग विझवणारी आणि जखमीला बाहेर काढणारी माणसं वेळेत पोहोचू शकत नाहीत. १ ऑगस्टला ट्रॅक ओला होता आणि तो वाळू लागला होता. पहिल्या फेरीनंतर लाउडाने पिटमध्ये (टायर बदलायच्या, दुरुस्तीच्या जागी) जाऊन पावसाळी टायर काढले, कोरड्या ट्रॅकचे गुळगुळीत 'स्लिक' घातले. दुसऱ्या फेरीत बेर्गवेर्क या वळणाच्या अलीकडे त्याची फेरारी अचानक उजवीकडे जाऊन बांधावर आदळली, पेटली, ट्रॅकवर परत फेकली गेली आणि ब्रेट लंगरची गाडी तिच्यावर येऊन धडकली. मागच्या सस्पेन्शनचा भाग तुटल्याचा संशय आजही घेतला जातो. त्यात मत्सर कुठे बसवायचा? लाउडाचं हेल्मेट निसटलं होतं; भाजण्यापेक्षाही जिवावर बेतलं ते फुप्फुसांत गेलेल्या विषारी वायूंमुळे. त्याला ओढून काढलं मेर्झारिओ, लंगर, एडवर्ड्स आणि एर्टल या चालकांनी. म्हणजे त्याचा आक्षेप शब्दशः खरा ठरला.

'रागापायी परतला.' इथे गुणतक्ता काढून बसावं लागतं. तेव्हा पहिल्या सहांना ९, ६, ४, ३, २, १ असे गुण मिळत. नुर्बुर्गरिंगला जाताना लाउडाचे ५८ होते, हंटचे ३५. आघाडी २३ची. हंटने जर्मनी जिंकली, ऑस्ट्रियात चौथा आला, हॉलंड जिंकलं. लाउडा इटलीतल्या मोंझाला उतरला तेव्हा ५८ विरुद्ध ५६, आघाडी फक्त २. शिवाय फेरारीने तोवर कार्लोस रॉयटेमान या चालकाला करारबद्ध केलं होतं; घरी बसून राहिलं असतं तर खुर्चीही गेली असती. परतायला एवढी कारणं पुरेशी होती. मोंझाच्या सरावात आपण भीतीने गारठलो होतो, हे लाउडाने स्वतःच सांगितलं आहे. तरी तो चौथा आला. (त्याला छळणाऱ्या पत्रकाराला हंट बदडतो, तो प्रसंग तर निव्वळ कल्पित.)

खरी भांडणं संघांची होती, आणि ती बरीचशी कागदावर लढली गेली. स्पेनमध्ये हंटची मॅक्लारेन २१५ सेंटिमीटरच्या मर्यादेपेक्षा १.८ सेंटिमीटर रुंद भरली. विजय काढून घेतला, जुलैमध्ये अपिलात परत दिला. ब्रिटनमधल्या ब्रँड्स हॅचला पहिल्याच वळणावर लाउडाला धक्का बसला तो त्याच्याच संघातल्या रेगाझोनीचा. त्या गोंधळात हंटची गाडी मोडली, त्याने फेरी पूर्ण न करता आडवाटेने पिट गाठला. रेस नव्याने सुरू झाली आणि त्याने ती जिंकली. फेरारीच्या तक्रारीवर सप्टेंबरअखेर तो विजय रद्द झाला: हंटचे ९ गेले, लाउडाचे ६चे ९ झाले. ६४ विरुद्ध ४७, रेस उरल्या ३. दोन तासांच्या सिनेमात हे अपील-प्रकरण रंगवणं अवघड, मत्सर रंगवणं सोपं.

'घाबरून पळाला, नशिबाने जिंकला.' हंटने कॅनडा आणि अमेरिका जिंकून ६८ विरुद्ध ६५ केलं. शेवटच्या रेसला, जपानमधल्या फुजीच्या पाण्याने भरलेल्या ट्रॅकवर लाउडा २ फेऱ्यांनंतर थांबला. भाजलेल्या पापण्या नीट मिटत नव्हत्या, पुढचं दिसत नव्हतं. फिटिपाल्डी आणि पाचे या चालकांनीही तेच केलं, त्यांना मात्र कोणी भित्रा म्हणत नाही. इंजिन बिघडल्याचं सांगू, असं फेरारीचा अभियंता फोर्गिएरी म्हणाला. लाउडाने नकार दिला.

हंटला निदान चौथा क्रमांक हवाच होता: चौथ्याने ६८–६८ बरोबरी झाली असती, पण जास्त विजयांमुळे (६ विरुद्ध ५) विजेतेपद त्याचंच ठरलं असतं. ट्रॅक वाळत गेला तसे पावसाळी टायर झिजले. बराच काळ आघाडीवर असलेल्या हंटचा टायर शेवटाकडे फुटला, पिटमध्ये थांबावं लागलं आणि तो मागे पडला. उरलेल्या मोजक्या फेऱ्यांत त्याने जोन्स आणि रेगाझोनी या दोघांना मागे टाकलं. गाडीतून उतरला तेव्हा तिसरे आलोय हे त्याला माहीतच नव्हतं. विजेतेपद हुकलं असं धरून तो संघप्रमुख टेडी मेयरवर ओरडत होता, आणि मेयर त्याला तीन बोटं दाखवत होता.