बिल्डर बोलावण्याआधी टेप घेऊन रस्त्यावर उतरा

सोसायटीच्या पुनर्विकासाची पहिली सभा हमखास एकाच प्रश्नावर अडते: बिल्डर किती टक्के जादा जागा देणार? पलीकडच्या गल्लीत तीस टक्के मिळाले, मग आपल्याला वीस का, यावर दोन तास जातात, चहा होतो आणि समिती नेमून सभा संपते. समोरचा रस्ता नेमका किती रुंद आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. खरं तर अर्धा निकाल तिथेच लागलेला असतो.

बृहन्मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडली तर राज्यातल्या शहरांना २ डिसेंबर २०२० पासून एकच बांधकाम नियमावली लागू आहे, यूडीसीपीआर. महापालिका हद्दीत, दाटवस्तीच्या बाहेरच्या भागात तिचा हिशेब असा: रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल तो आकडा, १.१, विषय संपला. प्रीमियम, म्हणजे जास्तीचे पैसे, भरून मिळणारा जादा एफएसआय नाही, टीडीआरही (रस्त्या-आरक्षणाला जमीन दिलेल्यांकडून विकत घ्यायचा बांधकामाचा हक्क) नाही. रस्ता ९ मीटर असला की १.१ वर ०.५ प्रीमियम आणि ०.४ टीडीआर, एकूण २. पुढे १२ मीटरला २.२५, १५ ला २.५, २४ ला २.७५ आणि ३० मीटर व त्यापुढे ३. म्हणजे ८.९० मीटर आणि ९ मीटर यांच्यातल्या दहा सेंटिमीटरवर जवळजवळ दुप्पट बांधकाम अवलंबून आहे.

एक साधा हिशेब मांडू. भूखंड १००० चौरस मीटर, सदनिका २०, प्रत्येकीचं चटईक्षेत्र ५० चौरस मीटर. सभासदांना २५ टक्के जादा द्यायचं ठरलं, म्हणजे १२५० चौरस मीटर चटई. पण नवीन नियमात एफएसआय पी-लाइनने, म्हणजे मजल्याच्या बाहेरच्या कडेने, मोजतात. भिंती, बाल्कनी, जिना, लिफ्ट सगळं आत धरलं जातं. आराखड्याप्रमाणे थोडं कमीजास्त होईल, पण चटईच्या १.४ पट धरा. सभासदांच्या घरांनाच १७५० चौरस मीटर लागले. आता ६ मीटर रस्त्यावर मिळतात किती? ११०० चौरस मीटर आणि त्यावर पैसे भरून ६० टक्के अॅन्सिलरी (भिंती, बाल्कनी, जिना वगैरेंसाठीचा वेगळा एफएसआय, तो अरुंद रस्त्यावरही मिळतो), एकूण १७६०. उरले १०. यात वॉचमनची खोली बसेल, विकायला काही नाही. तीच इमारत ९ मीटर रस्त्यावर असती तर २००० अधिक १२०० म्हणजे ३२०० झाले असते. सभासदांचे वजा करून १४५० उरतात, म्हणजे सुमारे ११,००० चौरस फूट चटई विक्रीला. बांधकामाचा खर्च, सभासदांचं दोन-तीन वर्षांचं भाडं, कॉर्पस, बाजारातून घ्यायचा टीडीआर, आणि रेडीरेकनरमधल्या जमिनीच्या दराच्या ३५ टक्क्यांनी भरायचा प्रीमियम, हे सगळं याच विक्रीतून निघणार.

जुन्या इमारतींसाठी नियमावलीत वेगळा प्रोत्साहनपर एफएसआयही आहे, तो वरच्या हिशेबात धरलेला नाही. तो अधिकृत बांधकामावर मोजतात. १९८५ साली बंद केलेली गच्ची आणि पार्किंगमधलं दुकान त्यात येत नाही. मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र समोर ठेवून तो आपल्याला किती लागू होतो हे वास्तुविशारदाकडून लेखी घ्या. तोंडी आकड्यावर सभेत टाळ्या मिळतात, पण टाळ्यांवर नकाशा मंजूर होत नाही.

आता माझं मत. रस्त्याची अट चुकीची नाही. अग्निशमनाच्या गाडीला वळायला नऊ मीटर त्रिज्या लागते, आणि वीस घरांसाठी टाकलेल्या ड्रेनेज लाइनवर पन्नास घरं लादली की पहिल्याच पावसाळ्यात चेंबर उलटं वाहतं. चूक आहे ती पायरीसारखी उडी मारणाऱ्या तक्त्यात. साठ ते ऐंशीच्या दशकातल्या अनेक सहकारी सोसायट्यांच्या लेआउटमध्ये आतले रस्तेच ६ आणि ७.५ मीटरचे आखलेले होते, तेही तेव्हाच्या नियमांप्रमाणे मंजूर करून. त्या इमारतींचे कॉलम आता सळई दाखवायला लागलेत. नियम मात्र त्यांना सांगतो की तुमच्या आजोबांनी रस्ता अरुंद सोडला, आता बसा.

पुणे महापालिकेने २०२० मध्ये यावर एक तोड काढली. ६ मीटरचे ३२३ रस्ते महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली ९ मीटर करण्याचा प्रस्ताव आणला. त्यावर रान उठलं. एक बाजू म्हणाली, हा टीडीआरचा बाजार आहे. दुसरी म्हणाली, नाहीतर या इमारती पडेपर्यंत वाट बघायची का? दोन्ही बाजू बरोबर होत्या. कागदावर रस्त्याची नियमित रेषा, म्हणजे पुढे होणारी कड, आखली की एफएसआयचा मार्ग लगेच मोकळा होतो. प्रत्यक्ष भिंत मात्र एकेका इमारतीचा पुनर्विकास होईल तशीच मागे सरकते. दहा वर्षांनी गल्ली करवतीच्या दात्यांसारखी दिसते: इथे दीड मीटर आत, पुढे पुन्हा बाहेर, मध्ये ट्रान्सफॉर्मरचा डीपी, आणि आत गेलेल्या प्रत्येक खाचेत उभी एक मोटार. अग्निशमनाची गाडी जिथून जायची ती जागा अजून सहाच मीटर.

यात सोसायटीचं नुकसान होतं असंही नाही. ३० मीटर लांबीच्या दर्शनी बाजूला दीड मीटरची पट्टी सोडली तर ४५ चौरस मीटर जमीन जाते, आणि दाटवस्तीबाहेर तिच्या दुप्पट टीडीआर मिळतो. गल्लीचं काय, हा प्रश्न मात्र उरतो. माझ्या मते जादा एफएसआय एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत सलग पट्टी ताब्यात आल्यावरच मिळावा. त्याआधी ड्रेनेज आणि पाण्याची लाइन बदलावी, आणि खर्च त्याच गल्लीतून गोळा झालेल्या प्रीमियममधून व्हावा. आज तो पैसा कुठल्या खात्यात विरघळतो ते गल्लीला कळत नाही. शेजारच्या दोन-तीन सोसायट्यांनी भूखंड एकत्र केले तरी बरंच साधतं. मधल्या मोकळ्या जागा वाया जात नाहीत, उंचीच्या एक पंचमांश बाजूची जागा सोडणं जमतं, आणि पार्किंगला सरळ रॅम्प मिळतो. पण तिथे तीन समित्या, तीन अध्यक्ष आणि एकच फलक लावायचा असतो, हे विसरू नका.

परवडणाऱ्या घरांचं काय? दहा लाख आणि त्यावर लोकसंख्येच्या शहरांत ४००० चौरस मीटर किंवा मोठ्या भूखंडावर मूळ एफएसआयच्या २० टक्के इतकी घरं ३० ते ५० चौरस मीटरची बांधायची आणि ती म्हाडाच्या सोडतीतून जायची, असा नियम आहे. नियम चांगला आहे, उंबरठा वाईट. तो चुकवायला फार अक्कल लागत नाही. ७८०० चौरस मीटरचा तुकडा ३९०० चे दोन करून मंजुरीला टाकला की झालं. आणि शहराच्या मधल्या भागात, जिथे कामाला चालत जाता येईल, तिथे बहुतेक भूखंड हजार-दीड हजार मीटरचेच. म्हणजे छोटी घरं शहराच्या कडेला आणि मध्यभागी तीन बीएचके. रस्त्याच्या रुंदीप्रमाणे एफएसआय चढतो, तर स्वस्त घरांचा वाटाही चढता का नको? टीडीआर वापरणाऱ्या प्रत्येक प्रकल्पावर थोडा वाटा ठेवा, लहान भूखंडाला घरांऐवजी पैसे भरायची मुभा द्या, आणि तो पैसा त्याच प्रभागात खर्च करा. अजून एक गोष्ट कुणाच्याच हिशेबात नसते, ती म्हणजे त्या इमारतीतले भाडेकरू. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला पुनर्विकासात ना भाडं मिळतं ना परत यायचा हक्क. जुनी इमारत हेच त्या भागातलं शेवटचं परवडणारं घर होतं, हे ती पाडल्यावर कळतं.

नदीकाठी राहणाऱ्यांचा तिढा वेगळा आहे. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांच्या. नदी आणि निळ्या रेषेच्या मधल्या जुन्या अधिकृत इमारतीचा पुनर्विकास लाल रेषेच्या पातळीवर ०.४५ मीटर उंच आणि पाटबंधारे खात्याच्या ना हरकतीने करता येतो, पण टीडीआर तिथे वापरता येत नाही. परवानगी आहे, पण तिच्यावर हिशेब उभा राहत नाही. जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली, तेव्हा सगळीकडे बोटींचे फोटो फिरले. या रेषांबद्दलच्या चार ओळी त्या गर्दीत हरवल्या. अशा भागाचा टीडीआर दुसरीकडे विकू द्यावा आणि इमारत हलवावी, हे मला पटतं. निळ्या रेषेत आणखी मजले चढवणं पटत नाही.

आता हाताने करायची कामं, आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे बिल्डरने जमीन नावावर करून दिली नसेल तर ती सरकारी आदेशाने करून घेणं. जमीन सोसायटीच्या नावावर नसेल तर पुढचं सगळं हवेत. मग सिटी सर्वेची मोजणी. मिळकत पत्रिका, खरेदीखत आणि जागेवरचं क्षेत्र यांत फरक निघाला तर हिशेबात सर्वात कमी आकडा धरला जातो, बिल्डरच्या ऑफरमध्ये बहुतेकदा सर्वात जास्त. मग रस्त्याच्या रुंदीचा महापालिकेकडून लेखी अभिप्राय. डांबराची कड धरून मोजू नका, समोरासमोरच्या कंपाउंड भिंतींमध्ये मोजा, किमान तीन ठिकाणी. मग विमानतळ किंवा लष्करी हद्दीची उंचीची मर्यादा. एवढं झाल्यावर प्रकल्प सल्लागाराचा व्यवहार्यता अहवाल, आणि मग सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सभा: दोन तृतीयांश गणपूर्ती, एकूण सभासदांच्या ५१ टक्क्यांची संमती, विकासक निवडताना निबंधकांचा प्राधिकृत अधिकारी हजर, आणि चित्रीकरण. हा क्रम उलटा केला, म्हणजे विकासक आधी आणि मोजणी नंतर, तर करार झाल्यावर क्षेत्र कमी निघतं. मग ते तुमच्याच जादा टक्क्यातून कापलं जातं.

आणि नियमातल्या बदलाची किंवा रस्त्याच्या रेषेची जाहीर नोटीस पेपरात आली तर ती वाचा. विकास आराखड्यात नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली फेरबदल असेल तर हरकतींना महिनाच मिळतो. "आमचा विरोध आहे" अशा एका वाक्याच्या पन्नास सारख्या अर्जांना सुनावणीत एकच उत्तर मिळतं. त्यापेक्षा एकच अर्ज करा: सिटी सर्वे नंबर, तीन ठिकाणी मोजलेली रुंदी, रेषा एकाच बाजूने ओढली असेल तर दोन्ही बाजूंनी किती जाईल याचा साधा नकाशा, गल्लीतल्या ड्रेनेज लाइनचा व्यास, आणि खाली प्रत्येक सोसायटीचा ठराव क्रमांक. आवक विभागात द्या, शिक्क्याची पोच घ्या आणि सुनावणीला मोजणारा माणूस पाठवा. भाषण करणारे तिथे बरेच असतात.